टाच, चप्पल आणि स्टूल

गेल्या वर्षीची गोष्ट. सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल फरशीवर टाकलं आणि टाचेत खिळा घुसावा तशी कळ आली. भिंतीला धरून दहा-बारा पावलं चालले तशी ती ओसरली. चहा होईपर्यंत विसरूनही गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असा महिना काढला, कुणाला काही बोलले नाही. बायकांच्या आरोग्यावर शिबिरं घेणारी, ‘दुखणं अंगावर काढू नका गं’ असं दर बैठकीत बजावणारी मी स्वतःचं दुखणं मात्र अंगावरच काढत होते. हे आधी कबूल करते आणि मग पुढचं लिहिते.

मी राहते आणि काम करते ते विचुंब्यात. पनवेलला लागून असलेलं हे गाव. जुनी कौलारू घरं कमी होत चालली आहेत आणि त्यांच्या शेजारी पाच-सात मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. आमच्या गटातल्या काही जणी नवीन पनवेलच्या सोसायट्यांमधून धुणीभांडी, स्वयंपाक करतात. काही पनवेलच्या बाजारात कपड्यांच्या, भांड्यांच्या दुकानांत कामाला आहेत. दोघी-तिघी रोज लोकल पकडून मुंबईकडे जातात. रविवारी दुपारी आम्ही जमतो. त्या रविवारी विषय रेशनकार्डाचा होता. सतरंजीवर मांडी घालून बसायचा आमचा रिवाज, पण मी खुर्ची मागितली. “ताई, पायाला काय झालं?” कुणीतरी विचारलं. मी टाचेचं सांगितलं मात्र, रेशनकार्ड राहिलं बाजूला. निम्म्याहून जास्त बायकांची टाच दुखत होती. कुणाची दोन वर्षं, कुणाची धाकट्या मुलाच्या वेळेपासून. सगळ्यांचं वर्णनही तेच: सकाळचं पहिलं पाऊल सगळ्यात वाईट, मग जरा बरं, संध्याकाळी पुन्हा ठणका. उपायही सगळे करून झालेले. तापवलेल्या विटेवर रुईचं पान ठेवून शेक, मिठाचं गरम पाणी, बिब्ब्याचा चटका, मेडिकलवाल्याने दिलेल्या गोळ्या. एकीला इंजेक्शन दिलं होतं, दोन महिने बरं वाटलं आणि पुन्हा सुरू.

आपल्या शरीराची माहिती आपल्याला असावी, म्हणून आधी हे दुखणं काय असतं ते सांगते. तळपायाच्या खाली, टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत एक जाड, चिवट पट्टा असतो. पायाची कमान तोच धरून ठेवतो. डॉक्टर त्याला प्लान्टर फॅशिया म्हणतात. तासन्‌तास कठीण जमिनीवर उभं राहून, वजन वाहून, तळ झिजलेल्या चपलेत चालून हा पट्टा टाचेजवळ ताणला जातो, झिजतो. पूर्वी याला नुसती सूज समजत. आता कळलंय की बहुतेकींच्या बाबतीत सुजेपेक्षा झीजच जास्त असते. रात्री पाय सैल पडतो, पट्टा आखडतो आणि सकाळी पहिल्या पावलाला तो एकदम खेचला जातो. म्हणून ती कळ. एक्स-रेत टाचेचं ‘हाड वाढलेलं’ दिसलं की बायका घाबरून जातात. पण तसं वाढलेलं हाड कितीतरी जणांना असतं आणि त्यांना काही दुखत नसतं. त्यामुळे लगेच ऑपरेशनच्या गोष्टी करण्याचं कारण नाही. इंजेक्शनाने तात्पुरता उतार पडतो, पण ते वारंवार घेतलं तर पट्टाच फाटायचा धोका असतो.

मला ज्याने बरं वाटलं ते अगदी साधं होतं, बिनपैशाचं म्हटलं तरी चालेल. उठण्यापूर्वी अंथरुणातच पाय सरळ करायचा, ओढणी तळपायाला अडकवून बोटं आपल्याकडे ओढून धरायची, वीस-तीस आकडे मोजायचे, असं चार-पाच वेळा. दिवसातून दोन-तीनदा भिंतीला हात टेकून, दुखणारा पाय मागे सरळ ठेवून, टाच न उचलता पोटरी ताणायची. पोटरी आखडली की टाचेवर ताण येतो, हे मला माहीतच नव्हतं. संध्याकाळी फ्रीजमध्ये गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून तळपायाखाली फिरवायची. (आधी कुणीतरी लाटणं सांगितलं होतं. ते पायाखाली घेतलं तेव्हा सासूबाईंच्या चेहऱ्याकडे बघवेना, म्हणून बाटली.) आणि चप्पल. हातात घेऊन मधोमध दुमडून पाहायची. कागदासारखी दुमडली किंवा पिळली गेली, तर ती टाचेसाठी उपयोगाची नाही. टाचेखाली जाड, कमानीला आधार आणि बोटांजवळच वाकणारी अशी हवी. धीरही हवा, हे दुखणं आठवड्यात जात नाही, काही महिने लागतात, कधी वर्षही. पण बहुतेकींचं जातं. मात्र पाय बधिर होत असेल, रात्री झोपेतही दुखत असेल, सकाळी हाताची बोटं किंवा इतर सांधेही आखडत असतील, टाच लाल होऊन सुजली असेल, किंवा मधुमेह असेल तर घरी प्रयोग करत बसू नका. डॉक्टरांना दाखवा.

इथवरचं कुठल्याही आरोग्याच्या पुस्तिकेत सापडेल. माझं म्हणणं याच्या पुढे आहे.

मला दवाखान्यात चार गोष्टी सांगितल्या गेल्या: वजन कमी करा, आराम करा, फार वेळ उभ्या राहू नका, घरात अनवाणी फिरू नका. त्या मी बैठकीत सांगितल्या. गटातली सगळ्यात कमी बोलणारी बाई, अंगाने काडीसारखी, म्हणाली, “ताई, मी सहा घरी काम करते. सहा दारांत चप्पल काढते. मग मी कुठे घालून फिरू?”

मला उत्तर सुचलं नाही.

या बाईच्या दुखण्याला वजन जबाबदार नव्हतं. वजनाने टाचेवर भार येतो हे खरंच. पण बाई दुखणं घेऊन गेली की पहिलं बोट तिच्या वजनाकडे, मग वयाकडे, मग बाळंतपणाकडे. ती दिवसभर पाय कशावर ठेवून उभी असते, हे कुणी विचारत नाही. पूर्वी चूल जमिनीवर होती, तेव्हा बायकांचे गुडघे आणि कंबर जायची. ओटा आला, त्याचा सोस आम्हाला होताच, आणि तो यायलाही हवा होता. पण ओट्यासमोर अनवाणी उभं राहण्याचे तास कुणी मोजले नाहीत. शेणाने सारवलेली जमीन जाऊन आधी शहाबादी फरशी आली, मग या गुळगुळीत टाइल्स. दगडासारख्या कठीण. बांधणाऱ्याने जाहिरातीत टाइल्सची चकाकी दाखवली. त्यांवर दिवसभर उभं कोण राहणार, हे त्यात नव्हतं.

आणि घरात चप्पल नाही! का, तर देवघर आहे, स्वयंपाकघर आहे. मी घरात घालायची वेगळी चप्पल आणली तेव्हा आमच्याकडे चार दिवस अबोला होता. “आमच्या वेळी नव्हत्या दुखत टाचा.” दुखत होत्या हो, सासूबाई. तुमच्याच पायाला मी कितीदा तेल चोळलंय. शेवटी तडजोड झाली: देवघराशी चप्पल काढायची, ओट्यापाशी घालायची. आता त्याही घालतात, म्हणजे माझ्याच, मी घरी नसताना.

पण खरी लाज मला पुढे वाटली. माझ्याही घरी भांड्यांना एक मावशी येतात. माझ्या टाचेसाठी घरात चप्पल आली, ती घालून मी ओट्यापाशी उभी, आणि शेजारीच मावशी त्याच टाइल्सवर अनवाणी, ओल्या पायांनी. असे तीन आठवडे गेले. माझ्या लक्षात आलं नाही. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेल्या बाईच्या लक्षात आलं नाही! बैठकीतल्या त्या सहा दारांनी माझे डोळे उघडले. मी मावशींसाठी एक जोड आणला. त्यांनी आधी नकोच म्हटलं. “तुमच्या घरात चप्पल घालून फिरू? बरं दिसतं का ते?” आठवडाभर तो जोड मोरीपाशी तसाच पडून होता. मग एक दिवस त्यांनी घातला, माझ्याकडे न बघता.

आपल्या समाजात चप्पल कुणी कुठे घालायची हा प्रश्न पायापुरता कधीच नव्हता. याच महाराष्ट्रात वरच्या जातींच्या आळीतून जाताना दलितांना वहाणा हातात घ्याव्या लागत. आज घरमालकीण घरात स्लीपर घालते आणि कामवालीने मात्र दाराबाहेर काढायच्या, याला आपण स्वच्छतेचं नाव देतो. स्वच्छताच हवी असेल तर घरातल्या घरात वापरायचा स्वच्छ जोड दोघींनाही चालेल. आमच्या गटातल्या काही जणींनी आपापल्या घरमालकिणींना विचारून पाहिलं. कुणी लगेच हो म्हणाल्या, बिचाऱ्यांना सुचलंच नव्हतं. एका घरी उत्तर आलं, “आज चप्पल, उद्या सोफा.”

दुकानातल्या मुलींची कथा वेगळी आणि तीच. दहा-अकरा तास उभं राहायचं. गिऱ्हाईक नसलं तरी उभं राहायचं, कारण बसलेली मुलगी मालकाला आळशी दिसते आणि वर कॅमेरा असतो. दुकानात स्टूल असतात, ते गिऱ्हाइकासाठी. पाळीच्या दिवसांतही उभंच. पाणी कमी प्यायचं, कारण बाथरूमला जायची सोय नाही.

केरळातल्या बायकांनी यावर लढा दिला, ते आपल्याकडे फारसं माहीत नाही. कोळिकोडच्या मिठाई गल्लीत, म्हणजे एस. एम. स्ट्रीटवर, शिवणकाम करणाऱ्या पी. विजी यांनी दुकानातल्या बायकांना एकत्र करून ‘पेणकूट्टू’ ही संघटना उभी केली. सुरुवात झाली ती संडासाच्या प्रश्नावरून. मग त्यांनी बसण्याचा हक्क मागितला. लोक हसले, बसणं हा काय हक्क झाला? त्रिशूरच्या साड्यांच्या दुकानातल्या बायकांनी संप केला. शेवटी २०१८ साली केरळ सरकारने दुकाने कायद्यात दुरुस्ती करून कामगारांना बसायची सोय देणं मालकांवर बंधनकारक केलं. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तसा कायदा केला. यात नवं काही नव्हतं. इंग्लंडात १८९९ सालीच दुकानातल्या दर तीन बायकांमागे एक बैठक ठेवायचा कायदा झाला होता. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्यातही उभ्याने काम करणाऱ्यांना संधी मिळेल तेव्हा बसता यावं, असं कलम ४४ होतं. केंद्राच्या २०२० च्या कामगार संहितेतही बसण्याच्या सोयीची तरतूद आहे.

पण ती साधारण दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांची गोष्ट. तीन-चार मुली ठेवणारं बाजारातलं दुकान त्यात येत नाही. आणि घरकाम? महाराष्ट्राने २००८ साली घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, त्याचा आनंद आम्हालाही झाला होता. पण त्याचा रोख नोंदणी आणि मदतीच्या योजनांवर. घराच्या उंबऱ्याआत कामाची परिस्थिती कशी असावी, ते ज्याच्या-त्याच्या मर्जीवर. म्हणून माझं मत असं आहे की लहान दुकानांनाही लागू होईल असा बसण्याचा हक्क महाराष्ट्राने आपल्या दुकाने कायद्यात स्पष्ट शब्दांत लिहावा. आणि घरकामगारांच्या मागण्यांच्या यादीत पगार, सुट्टी, बोनस यांच्या जोडीला पायातली चप्पल आणि बसायला स्टूल यावं. आपल्याच चळवळीतल्या काही मैत्रिणींना ही मागणी किरकोळ वाटते, मला माहीत आहे. त्यांनी एक दिवस अनवाणी सहा घरची भांडी घासून पाहावीत.

गेल्या महिन्यात आम्ही चौघी बाजारातल्या एका दुकानदाराकडे गेलो. भांडायला नाही, बोलायला. कामावरच्या मुलींची नावं घेतली नाहीत. तो म्हणाला, “ताई, मी पण दिवसभर उभा असतो.” आम्ही त्याच्यामागच्या गल्ल्याच्या खुर्चीकडे पाहिलं. तोही हसला. आता तिथे कोपऱ्यात एक प्लास्टिकचं स्टूल आलंय, चार मुलींत एक. त्या पाळीपाळीने बसतात. कॅमेऱ्याचं तोंड अजून त्याच कोपऱ्याकडे आहे, त्याबद्दल पुढच्या रविवारी बोलायचं ठरलंय.