मानेतली गाठ आणि पुण्याची फाइल

मी डॉक्टर नाही की अकाउंटंट नाही. पण दरवर्षी आपल्यातली बरीच मंडळी भारतात जातात आणि येताना लोणच्याच्या बरण्यांबरोबर 'फुल बॉडी चेकअप'ची जाडजूड फाइल घेऊन येतात. त्याबद्दल मला थोडे लिहायचे आहे.

माझ्या धाकट्या दिरांनी अशीच एक फाइल पुण्याहून आणली होती. वय ५४, विडी-तंबाखूला कधी शिवले नाहीत. छातीचा फोटो, पोटाची सोनोग्राफी, ई.सी.जी., रक्ताचे दोन डझन आकडे, सगळे नॉर्मल. दाढी करताना उजव्या जबड्याखाली सुपारीएवढी गाठ हाताला लागत होती. दुखत नव्हती म्हणून ती त्यांनी दाखवली नाही, आणि त्यांच्या मानेला हात कुणी लावलाच नाही. इथे आल्यावर मी म्हटले, "भावजी, जी.पी.ला दाखवा." उत्तर ठरलेले, "वहिनी, फाइल क्लीन आहे!" यात दोन महिने गेले.

अखेर गेले. पंचेचाळिशीपुढच्या माणसाच्या मानेत कारण न समजणारी गाठ असेल, किंवा आवाज बसलेलाच राहिला असेल, तर कर्करोगाचा संशय धरून तातडीने तज्ज्ञाकडे पाठवण्याचा विचार करा, असे 'नाइस' या संस्थेने २०१५ पासून डॉक्टरांना सांगितले आहे. मानेची सोनोग्राफी झाली, सुई घालून पेशी काढल्या, आणि गाठीत कर्करोग निघाला. पण मूळ कुठे? तोंड, जीभ, घसा दुर्बिणीने पाहिले, काही दिसेना. मूळ सापडले नाही तर घशाच्या मोठ्या भागाला किरण द्यावे लागतील, मग तोंड कोरडे पडणार, गिळणे अवघड होणार, असे डॉक्टरांनी समजावले. ती रात्र आमच्या घरात कुणी झोपले नाही.

मग पेट-सीटी स्कॅन झाला. (पेट म्हणजे पोट नव्हे, हे सासूबाईंना दोनदा सांगावे लागले.) असे लपलेले मूळ शोधायला पहिली तपासणी म्हणून याच स्कॅनचा विचार करावा, हा 'नाइस'चा २०१६ चा सल्ला. साखरेसारख्या द्रव्याला किरणोत्सारी फ्लोरीन जोडून शिरेतून देतात. कर्करोगाच्या पेशी साखरेच्या हावऱ्या, त्या ते ओढून घेतात आणि चित्रात उजळून दिसतात. फ्लोरीनची शक्ती ११० मिनिटांत निम्मी होते. आधी सहा तास उपाशी राहायचे, मधुमेह असेल तर तो अगोदरच सांगायचा. आणि इंजेक्शननंतर तासभर गप्प पडून राहायचे, कारण बोलले तरी घशाचे स्नायू साखर ओढतात. आमचे भावजी आयुष्यात प्रथमच तासभर गप्प बसले.

उजव्या टॉन्सिलमध्ये एक ठिपका उजळला. टॉन्सिल काढून तपासले, मूळ तिथेच होते. कारण एच.पी.व्ही. विषाणू. हे ऐकून घरात जी कुजबुज झाली ती मला मुळीच आवडली नाही. हा विषाणू इतका सर्रास आहे की बहुतेकांचा त्याच्याशी कधी ना कधी संबंध येतोच. त्यात कुणाचे चारित्र्य शोधायचे? इथे शाळेत त्याची लस मुलींना २००८ पासून आणि मुलांना २०१९ पासून मिळते. घरी तो फॉर्म आला तर सही करा. मशेरी, गुटखा, पान-सुपारीची सवय असेल तर तीही डॉक्टरांपासून लपवू नका.

हळदीकुंकवाला तीन जणींनी विचारले, मग आपण सगळ्यांनीच हा स्कॅन पैसे भरून का करू नये? माझे मत स्पष्ट आहे: करू नये. निरोगी टॉन्सिलही थोडे उजळते, साध्या सर्दीनेही उजळते, मग धडधाकट माणसाच्या घशाचे उगीच तुकडे काढले जातात. उलट अगदी बारीक रोग या स्कॅनला दिसतही नाही. आधी गाठ, मग सुई, मग हा स्कॅन, या क्रमाने त्याचा खरा उपयोग. आणि जी.पी.कडे जाऊन मान दाखवायला एक पेनीही लागत नाही.

केमो आणि किरणोपचार संपल्यावर १२ आठवड्यांनी पुन्हा तोच स्कॅन झाला. मानेत काही उजळले नाही, म्हणून मानेचे मोठे ऑपरेशन टळले. ही पद्धत याच देशातल्या ५६४ रुग्णांवर पारखलेली आहे. बर्मिंगहॅमचे प्रा. हिशाम मेहाना यांच्या चमूने २०१६ साली निष्कर्ष छापले. स्कॅन करून ठरवलेल्या २८२ जणांपैकी ५४ जणांचीच मान कापावी लागली, दुसऱ्या गटातल्या तितक्याच जणांपैकी २२१ जणांची. जगण्याचे प्रमाण मात्र कमी झाले नाही, आणि माणशी १,४९२ पौंड वाचले ते वेगळेच.

पैशांचे निघालेच आहे म्हणून सांगते. इंग्लंडमध्ये कर्करोगाच्या रुग्णांना एप्रिल २००९ पासून प्रिस्क्रिप्शनचे पैसे पडत नाहीत. जी.पी.कडून एफ.पी. ९२ए हा फॉर्म भरून घ्यावा लागतो. आम्ही कितीतरी आठवडे पैसे भरत होतो. शेवटी औषधाच्या दुकानातल्या मुलीने सांगितले, तेव्हा कळले.