झाडाला नाव तरी द्या

ऑफिसातल्या टेबलावर भेट म्हणून आलेलं सक्युलंट काही महिन्यांत मऊ पडतं, बुंध्याशी काळवंडतं आणि कचऱ्यात जातं. बहुतेकदा ते लाडानेच मरतं: रोज पाणी, निव्वळ कोकोपीट आणि तळाला भोक नसलेली शोभेची कुंडी.

वाचवणं तसं सोपं. झाड उपटून ओला कोकोपीट झाडायचा, काळी मुळं स्वच्छ कात्रीने छाटायची आणि जखम सुकेपर्यंत चार-पाच दिवस ते सावलीत उघडं ठेवायचं. मग जाड वाळू, विटांचे तुकडे आणि थोडी माती भरलेल्या, भोक असलेल्या मातीच्या कुंडीत लावायचं. पहिलं पाणी आठवड्याने. कोकणात, मुंबईत पावसाळाभर कुंडी छपराखालीच हवी.

खरी पंचाईत ओळखण्याची. ‘झेब्रा’ म्हणून विकली जाणारी, पांढऱ्या पट्ट्यांची हावर्थिया घ्या. मूळची दक्षिण आफ्रिकेची, कोरफडीच्याच कुळातली. पानाची आतली बाजू चाचपावी: गुळगुळीत असेल तर फॅसिएटा, खरखरीत असेल तर अटेन्युएटा. बाजारात फॅसिएटाच्या नावावर सहसा अटेन्युएटाच खपते. (2013 साली वनस्पतिशास्त्रज्ञ गॉर्डन रॉली यांनी या दोघींना हावर्थियॉप्सिस या वेगळ्या वंशात हलवलं, तिथे नर्सरीवाल्याला तरी किती बोल लावणार!)

तरीही कुंडीवर झाडाचं नाव आणि पाण्याचं वेळापत्रक लिहिलेली चिठ्ठी लावायला फार खर्च येत नाही. ग्राहकांनी ती मागायला सुरुवात करावी.