घोडे, हंस आणि बोर्डिंग

कोरियात एक जुनी म्हण आहे. माणसाला मूल झालं तर ते सोलला धाडावं, घोडीला झालं तर जेजूला. जेजू हे त्या देशाच्या दक्षिणेचं बेट. वारा, दगड, संत्री आणि घोडे यांबद्दल प्रसिद्ध. तेराव्या शतकात मंगोलांनी तिथे घोड्यांची पैदास सुरू केली, तेव्हा म्हण करणाऱ्याचा हिशोब सरळच होता. आज मात्र सोलमधले सुखवस्तू आईबाप आपली मुलंच जेजूला धाडतात आणि फी व वसतिगृह मिळून वर्षाला पाचेक कोटी वॉन मोजतात. कोटी ऐकून दचकू नका, एका रुपयाला पंधरा-सोळा वॉन येतात. तरी आपले तीसेक लाख झालेच! घोडा एवढा खात नसावा.

कारण २०११ सालापासून तिथे सरकारने वसवलेल्या इंग्रजी शिक्षणनगरीत साहेबी थाटाच्या शाळा उभ्या आहेत. ज्यांना जेजूही जवळ वाटतं ते मलेशियात जोहोरला जातात, बँकॉकला जातात, नाहीतर थेट विलायत गाठतात.

पळतात ते परीक्षेला भिऊन. आणि ती परीक्षा भिण्यासारखीच आहे. नोव्हेंबरात एका गुरुवारी तिथे 'सुनुंग' असते, म्हणजे कॉलेजप्रवेशाची परीक्षा. त्या दिवशी कचेऱ्या तासभर उशिरा उघडतात, उशीर झालेल्या पोराला पोलीस मोटरसायकलवर घालून केंद्रावर सोडतात, आणि इंग्रजी ऐकण्याचा पेपर चालू असताना विमानांना उतरायची-उडायची बंदी असते. आपल्याकडे घरात दहावीचं पोर असलं की टीव्हीवर फडकं पडतं; तिथे ते आकाशावर पडतं. खाजगी क्लासांना तिथे हागवॉन म्हणतात. सोलमध्ये रात्री दहानंतर क्लास चालू ठेवायचे नाहीत, असा नियम करावा लागला. २०२३ साली शाळकरी मुलांच्या या शिकवण्यांवर त्या देशाने सत्तावीस लाख कोटी वॉन खर्च केले. तेव्हा पळणाऱ्या बापाला मी दोष देत नाही. मी त्याच्या जागी असतो तर पोराच्याही पुढे धावलो असतो. माझं भांडण आहे ते पळताना तो बरोबर काय बांधून नेतो त्याच्याशी.

आमच्या सोसायटीत एक कोरियन कुटुंब राहतं. गृहस्थ रांजणगावच्या एका कारखान्यात मोठे साहेब आहेत. मी जन्मभर मास्तरकी केली हे कुणीतरी त्यांच्या कानावर घातल्यामुळे ते एका संध्याकाळी सहा शाळांची माहितीपुस्तकं घेऊन आले. "सर, तुम्ही सांगा." मी पाहिली. साही पुस्तकांत तीच हिरवळ, तीच लाल विटांची इमारत, तोच होडी वल्हवणारा मुलगा आणि तीच व्हायोलिनवाली मुलगी. मला तर वाटतं त्या मुलीला जगभर फिरवत असावेत. साहेबांनी मात्र चित्रं पाहिलीच नव्हती. त्यांनी प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं पान उघडून ठेवलं होतं. ऑक्सफर्डला किती गेले, केंब्रिजला किती. त्यावरून त्यांनी साही शाळांचे क्रमांक लावले होते. पहिला, दुसरा, तिसरा. म्हणजे परीक्षेपासून पळायचं आणि पळायची वाट गुणपत्रिकेवरून शोधायची! पुढे हीच मुलं सुट्टीत सोलला परततात, आणि आईबाप त्यांना कुठे बसवतात? हागवॉनमध्ये. तिथे आता विलायती अभ्यासक्रमाचेही क्लास निघाले आहेत.

बरं, जे विकत घेतो ते इंग्रजी तरी किती? जेजूच्या शाळांपैकी एकीचं मूळ लंडनमध्ये आहे. फ्रान्सिस मेरी बस नावाच्या बाईंनी १८५० साली मुलींसाठी काढलेली नामांकित शाळा. पण लंडनची ती शाळा दिवसाची आहे! चारचे ठोके पडले की तिथल्या पोरी दप्तर उचलतात आणि आईच्या हातचं खायला घरी जातात. रात्री मुक्कामाला ठेवायची पोरं जेजूला. आणि तिथली बहुतेक मुलं कोरियनच, त्यामुळे इंग्रजी वर्गात आणि भांडणं कोरियनमध्ये, हेही ओघाने आलं.

साहेबलोक आपली मुलं लांब ठेवत, त्याला कारण होतं. आईबाप इथे राज्य करायला आलेले असत. आपल्या मुंबईत जन्मलेल्या किपलिंगला पाचाव्या वर्षी विलायतेत परक्या घरी ठेवलं, त्याचा सल त्याला आयुष्यभर पुरला. कोरियन बापाला राज्य वगैरे कुठे करायचं नाही. तो आपल्या घरातच बसलेला असतो. एकटा.

या एकट्या बापाला कोरियन भाषेत नाव आहे, 'गिरोगी आप्पा'. आप्पा म्हणजे बाबा (आपल्या आप्पांनी दचकू नये) आणि गिरोगी म्हणजे रानहंस. बायको पोरांना घेऊन परदेशी किंवा बेटावर बिऱ्हाड करते, हा मागे राहून पैसे पाठवतो आणि वर्षातून एकदा-दोनदा हंसासारखा उडत भेटीला जातो. पैसेवाला असेल, वाटेल तेव्हा उडत असेल, तर तो गरुड. आणि तिकिटालाही पैसे उरले नाहीत, तर पेंग्विन! आता गंमत अशी, की कोरियन लग्नात नवरा-नवरीला लाकडी हंसांची जोडी देण्याची रीत आहे. हंस जोडीदाराला सोडत नाही म्हणून. त्याच पक्ष्याचं नाव त्यांनी रात्री एकट्याने नूडल्स उकळणाऱ्या माणसाला द्यावं, आणि कुणालाही त्यात वावगं वाटू नये! आमच्या साहेबांना मी विचारलं, "तुम्ही यातले कोण होणार?" ते बराच वेळ हिशोब करत बसले.

वहिनी तोवर काही बोलल्या नव्हत्या. त्यांनी हळूच विचारलं, वाढदिवसाला समुद्री शेवाळाचं सूप कोण करून देईल? कोरियन माणसाचा वाढदिवस केकने नव्हे, त्या सुपाने होतो. बाळंतिणीलाही तेच देतात. साही पुस्तकांत पोहण्याच्या तलावाची लांबी मीटरमध्ये दिली होती, पण या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

मग आम्ही शेवटची पानं बंद केली आणि कागद घेतला. पोराला रात्री दोनला ताप चढला तर दार कोण उघडतं? त्या माणसाला शाळेत किती वर्षं झाली, की दोन वर्षांचा करार संपवून तो दुसऱ्या देशात गेला? पावसाळी रविवारी दुपारी चार वाजता मुलं काय करतात? रडू आलं तर घरी फोन करायला वार ठरलेला आहे का? गेल्या वर्षी किती मुलं मध्येच घरी परतली, आणि का? मराठीतून निघालेले प्रश्न मी माझ्या इंग्रजीत उतरवले, साहेबांनी ते त्यांच्या इंग्रजीत सुधारले आणि साही शाळांना पाठवले.

तीन शाळांनी माहितीपुस्तकाची आणखी एक प्रत पाठवली. एकीने फी भरायची अंतिम तारीख कळवली. एका ठिकाणच्या मेट्रनबाईंनी मात्र स्वतः लांबलचक पत्र लिहिलं, रविवारचं आणि तापाचं दोन्ही. साहेबांच्या यादीत ती शाळा पाचवी होती, वहिनींनी तिथेच बोट ठेवलं. सहाव्या शाळेचं उत्तर सर्वांत तत्पर होतं. आपल्या प्रश्नांबद्दल आभारी आहोत, आमच्याकडे घोडेस्वारीची उत्तम सोय आहे.