शब्द अडला म्हणजे अक्कल गेली नाही

लकव्यातून माणूस वाचला, हातापायाचा व्यायाम सुरू झाला, की घराला वाटते उपचार पूर्ण झाले. पण त्याला पाणी हवे असते आणि तोंडून शब्द निघत नाही. 'ते... ते' म्हणून तो थांबतो, नाहीतर 'चहा' म्हणतो. मग वस्तीत बोलले जाते, 'डोक्यावर परिणाम झालाय.' हा समज आधी घालवला पाहिजे.

या आजाराला वाचाघात किंवा अफेजिया म्हणतात. बहुतेकांच्या मेंदूत भाषेचे काम डाव्या बाजूला चालते. तिथला रक्तपुरवठा तुटला की भाषा अडते. म्हणून शरीराची उजवी बाजू लुळी पडलेल्यांत हा त्रास जास्त दिसतो. पाणी म्हणजे काय ते त्याला ठाऊक असते, शब्द सापडत नाही. काहींना दुसऱ्याचे बोलणे समजायलाही जड जाते. असा माणूस त्रिसरण-पंचशील मात्र सलग म्हणू शकतो, कारण वर्षानुवर्षे पाठ असलेले टिकून राहते. तो नाटक करत नसतो.

स्पीच थेरपिस्ट वस्तू दाखवून विचारतात: ही कशासाठी वापरतात? कुठे ठेवतात? तरी अडले तर पहिला आवाज देतात, 'पा...'. घरीही तवा, कंगवा, नातवंडांचे फोटो घेऊन रोज असा सराव करता येतो. टीव्ही बंद ठेवा, आणि शब्द पटकन सांगून टाकू नका. त्याला वेळ द्या. २०१६ साली कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात ५७ चाचण्या तपासल्या गेल्या. थेरपीने रोजच्या बोलण्यात फायदा होतो, असे त्यातून दिसले.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे: स्पीच थेरपी ही पैसेवाल्यांची चैन नाही. डिस्चार्ज घेतानाच डॉक्टरांकडे तिची चिठ्ठी मागा. धनकवडीला भारती विद्यापीठात वाचा-श्रवण उपचार शिकवणारे महाविद्यालय आहे, तिथे चौकशी करा. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये अफेजियाचे नाव घेऊन वाचा-भाषा दिव्यांगत्व मान्य केले आहे. दोष कायमचा राहिला तर यूडीआयडी कार्डासाठी अर्ज करा. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचा दाखला मिळाल्यास कायद्याने ठरवलेल्या सवलती मागता येतात.

महापालिकेच्या दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस तरी स्पीच थेरपिस्ट बसावा, ही मागणी वस्तीतल्या मंडळांनी लावून धरावी. आणि तोवर त्या माणसाला घरात कोंडू नका. विहारात न्या, चौकात बसवा, लोकांत बोलू द्या.