दुसरी प्रत घाटापलीकडे हवी

26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेने 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदवला. त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम 74 मिलिमीटर पडला. शहर एकच, पण मिठी नदीकाठची मरोळ, साकीनाका, कुर्ला ही वस्ती बुडाली आणि दक्षिण टोक बरंचसं सुटलं. उपनगरात धंदा करणाऱ्याने नवा सर्व्हर घेताना हे दोन आकडे आठवावेत.

गेली काही वर्षं अंधेरी एमआयडीसीतल्या कारखान्यांपासून मुलुंड, बोरिवलीच्या सीए ऑफिसांपर्यंत सर्व्हर व्हर्च्युअलायझेशन पोचलं आहे, आणि ते योग्यच आहे. टॅलीला एक सर्व्हर, फाइल्सना दुसरा, हजेरी-पगाराला तिसरा, अशी मांडणी असते तेव्हा प्रत्येक यंत्र दिवसाचा बराच वेळ रिकामं बसतं. वीज आणि एसी मात्र चोवीस तास खातं. हायपरवायझर नावाचं सॉफ्टवेअर एकाच दणकट यंत्राचा प्रोसेसर, रॅम आणि डिस्क वाटून देतं आणि त्यावर अनेक स्वतंत्र सर्व्हर चालवतं. आयबीएमने 1972 मध्येच मेनफ्रेमसाठी ही सोय बाजारात आणली होती. व्हीएमवेअरने 2001 मध्ये ती साध्या सर्व्हरवर आणली. जागेचं भाडं चौरस फुटावर मोजणाऱ्या उपनगरात यातली बचत खरी आहे.

पण तीन यंत्रांची कामं एका यंत्रावर आली की धोकाही एकाच ठिकाणी गोळा होतो. पूर्वी पगाराचा सर्व्हर बंद पडला तरी बिलं निघत होती. आता होस्ट, म्हणजे ते एकच यंत्र, बसला की सगळं ऑफिस बसतं. यावर व्हेंडरकडून ठरलेलं उत्तर येतं: ‘रेड आहे, स्नॅपशॉट आहे.’ रेड म्हणजे एकाच यंत्रातल्या अनेक डिस्कवर डेटा राखणं; ते फक्त डिस्क बिघडण्यापासून वाचवतं. स्नॅपशॉट, म्हणजे सर्व्हरची त्या क्षणाची टिपलेली स्थिती, तर बहुतेक वेळा त्याच यंत्राच्या डिस्कवर असतो. पाणी शिरलं की दोन्ही जातात. या दोन्हींना बॅकअप म्हणणं चूक आहे आणि मालकांनी ते खपवून घेऊ नये.

धोका पाण्याचाच आहे असंही नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये ‘ईएसएक्सआय-आर्ग्स’ या रॅन्समवेअरने जगभरातल्या व्हीएमवेअर होस्टवर थेट हल्ला केला आणि त्यांवरच्या व्हर्च्युअल मशीनच्या फाइल्स कुलूपबंद केल्या. हल्ल्यासाठी वापरल्याचं सांगितलं गेलेल्या त्रुटीवरचा पॅच दोन वर्षं आधीच, फेब्रुवारी 2021 मध्ये, उपलब्ध होता. ज्यांनी तो लावला नाही आणि ज्यांची प्रतही त्याच नेटवर्कवर होती, त्यांच्या हाती फारसं काही उरलं नाही.

तरीही या तंत्रातच उपाय आहे. व्हर्च्युअल मशीन म्हणजे शेवटी काही फाइल्स. त्या उचलून दुसरीकडे नेता येतात आणि तिथल्या होस्टवर तोच सर्व्हर पुन्हा उभा राहतो. व्हर्च्युअलायझेशनचा सर्वांत मोठा फायदा मला हा वाटतो, आणि नेमका तोच वापरायचा राहून जातो.

प्रत कुठे ठेवायची? ठाणे किंवा ऐरोली पुरेसं नाही. 12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी विजेचं ग्रिड कोसळलं तेव्हा मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदमच अंधारात गेली आणि लोकल जागीच थांबल्या. म्हणून प्रत घाटापलीकडे, पुण्याला किंवा नाशिकला हवी. ‘क्लाउडवर आहे’ एवढ्यावरही समाधान मानू नका. कोणत्या रीजनमध्ये, म्हणजे कोणत्या भागातल्या डेटा सेंटरमध्ये, आहे ते विचारा. ॲमेझॉनचं मुंबई रीजन 2016 पासून, हैदराबादचं 2022 पासून आहे. मायक्रोसॉफ्टचं एक रीजन पुण्यात आहे. ऑफिस अंधेरीत आणि प्रतही मुंबई रीजनमध्ये, म्हणजे दोन्ही एकाच पावसात आणि एकाच ग्रिडवर.

खर्चाची अडचण मला मान्य आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतल्यावर कायमस्वरूपी लायसन्सची विक्री थांबली आणि प्रोसेसरच्या कोअरवर मोजलेली वर्गणी आली. लहान कंपन्यांना ती जड जाते. पण लिनक्सच्या कर्नलमध्ये 2007 पासून केव्हीएम आहे, आणि त्यावर उभं असलेलं प्रॉक्समॉक्स लायसन्स न घेता वापरता येतं. ते सांभाळणारा जाणकार माणूस मात्र लागतो. दोन-तीन होस्टच्या ऑफिसने हा पर्याय गांभीर्याने तपासावा आणि वाचलेला पैसा दुसऱ्या प्रतीवर लावावा.

एवढं झाल्यावरही एक काम उरतं आणि ते मालकाने स्वतः समोर बसून करून घ्यायचं आहे. येत्या शनिवारी व्हेंडरला बोलवा. बाहेरच्या प्रतीवरून टॅलीचा सर्व्हर वेगळ्या यंत्रावर उभा करायला सांगा, कालची शेवटची नोंद त्यात दिसते का ते बघा आणि किती वेळ लागला ते लिहून ठेवा. जी प्रत अशी उघडून पाहिलेली नाही, तिच्यावर धंदा सोडू नका.