साचलेल्या तळ्याचे करायचे काय?

'थेंबे थेंबे तळे साचे' हा सुविचार शाळेच्या फळ्यावर मी किती वेळा लिहिला असेल, याची गणती नाही. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत दर वर्षी दोनदा धरला, तरी अर्धशतक ओलांडून जाते. तळे साचल्यावर त्यातले पाणी प्यायचे असते, हे मात्र मी एकदाही लिहिले नाही. प्रस्तुत लेख त्या सुविचाराच्या विरोधात आहे, म्हणजे पर्यायाने माझ्याच विरोधात आहे. वाचकांनी तो त्याच समजुतीने वाचावा.

निमित्त घडले ते बाजव्यात. बाजवा म्हणजे बडोद्याहून अहमदाबादकडे निघाले की लागणारे पहिले स्टेशन. १९६५ साली शेजारच्या कोयलीला तेलशुद्धीकरण कारखाना निघाला, १९६७ साली खतांचा कारखाना सुरू झाला, आणि आमच्या खानदेशातली कितीतरी पोरे तापी ओलांडून, सुरतेवरून या बाजूला गेली. माझे थोरले बंधू नाना त्यांतलेच. १९८० साली ते तिकडच्या एका कारखान्यात लागले आणि छत्तीस वर्षे पाळ्या करून २०१६ साली निवृत्त झाले. घरात अजून अहिराणी, दारात गुजराती आणि वर्तमानपत्रात मराठी, असा त्यांचा संसार आहे. माझ्या मुलीला गेल्या वर्षी त्याच भागात नोकरी लागली आणि ती नानांकडेच राहू लागली. उन्हाळ्याच्या सुटीत मी तिला भेटायला गेलो.

पहिल्याच रात्री जेवताना पाहिले, नाना भाकरी वरणात कुस्करून, भिजवून, नुसती गिळत होते. दाढा गेल्या होत्या. वहिनी म्हणाल्या, "दोन वर्षं झाली सांगतेय, कवळी बसवून घ्या. ऐकतील तर शपथ." दातांच्या डॉक्टरांनी दहा-बारा हजार सांगितले होते. नाना हसून म्हणाले, "आता किती खायचं राहिलंय? अन् अडीनडीले पैसा लागस रे आप्पा!" मी गप्प राहिलो. गोदरेजच्या कपाटात सहा पासबुके रबरबँड लावून ठेवलेली आहेत, हे मला ठाऊक होते. फंड आणि ग्रॅच्युइटीचे पैसे त्यांनी सहा ठिकाणी ठेवले होते आणि त्यातल्या मुद्दलाला आजवर हात लावला नव्हता.

नानांना कंजूष म्हणण्याची मात्र कोणाची छाती होणार नाही. माझ्या एम.ए.ची आणि बी.एड.ची फी त्यांनी भरली आहे. दोन बहिणींची लग्ने त्यांनी लावली. गावाकडून दवाखान्यासाठी बडोद्याला आलेला माणूस त्यांच्या घरी उतरला नाही, असे कधी झाले नाही. फ्रेंच नाटककार मोलिएर याने १६६८ साली रंगमंचावर आणलेला कृपण आपल्या पेटीवर प्रेम करतो. नानांचे पैशावर प्रेम नाही. पैसा नसण्याचे त्यांना भय आहे. दुसऱ्यासाठी उघडणारी त्यांची मूठ स्वतःच्या तोंडाकडे नेताना मात्र मिटते. हा कंजूषपणा नव्हे, हा आजार आहे. आणि आम्ही त्याला सद्गुणाचे नाव देऊन ठेवले आहे.

दुसऱ्याचे कुसळ दाखवून झाले, आता माझे मुसळ. रविवारी मुलीने आम्हा सर्वांना बडोद्यातल्या एका चांगल्या हॉटेलात नेले. तिला जेवण घालायचे होते, स्वतःच्या कमाईतून, पहिल्यांदा. मी मेनूकार्ड हातात घेतले आणि सवयीने उजवीकडची रांग वाचू लागलो. पदार्थांची नावे मला आज आठवत नाहीत, किमती आठवतात. भाजी आली तेव्हा मी मनात एका वाटीचा भाव काढला आणि तेवढ्यात घरी किती किलो भाजी आली असती, तेही काढले. बिल आले, ते तिच्या हातून घेऊन मी बेरीज तपासली. बेरीज बरोबर होती. मुलगी खाली मान घालून म्हणाली, "पप्पा, बिल मी वाचलंय. जेवण कसं होतं, ते सांगा ना." माझ्यापाशी उत्तर नव्हते, कारण मी जेवलोच नव्हतो. मी हिशेब केला होता. परतीच्या वाटेवर ती खिडकीबाहेर बघत बसली. तिने कमावलेला पहिला आनंद मी बेरीज तपासून परत केला होता.

काटकसर आणि धास्ती या दोन गोष्टींची आपण सरमिसळ केली आहे. काटकसर नको तिथला खर्च कापते, म्हणजे हवे तिथे हात मोकळा राहतो. तिच्यापुढे काही हेतू असतो: घर, शिक्षण, आजारपण, प्रवास. धास्तीला हेतू नसतो. ती आधी हवे तेच कापते, दात कापते, चष्मा कापते, चार दिवसांचा प्रवास कापते, आणि नको तो खर्च निमूट सोसते. कवळीला दहा हजार नसणारे आपण मुलाच्या लग्नात मांडवाला लाख रुपये देतो, कारण तिथे दुसरी धास्ती जास्त बलवान असते: लोक काय म्हणतील? म्हणजे आपण साठवतो तेही भीतीने आणि उधळतो तेही भीतीने. स्वतःच्या इच्छेने, समजून-उमजून आणि आनंदाने खर्च केलेला एक रुपया आपल्या वहीत सापडायचा नाही.

ही भीती आली कुठून? बहात्तरच्या दुष्काळात नाना चौदा वर्षांचे होते. ते वडिलांबरोबर खडी फोडायला जात, सुकडी खात, आणि रेशनवर आलेली परदेशी तांबडी मिलो ज्वारी आई दळून आणी. त्या भाकरीची चव नाना आजही सांगतात. एकदा रिकामा कणगा पाहिलेल्या माणसाला भरलेल्या कणग्याचाही विश्वास वाटत नाही. एवढे सांगून हा विषय मानसशास्त्राच्या हवाली करता आला असता. पण तसे करणे म्हणजे नानांवर अन्याय होईल. त्यांची भीती जुनी आहे, पण खोटी नाही. दर काही वर्षांनी तिला नवे खतपाणी मिळत गेले आहे.

नानांची सहा पासबुके का आहेत? २००१ साली अहमदाबादची माधवपुरा सहकारी बँक कोसळली, तेव्हा गुजरातभर ठेवीदारांच्या पोटात गोळा आला. २०१३ साली पुण्याच्या रुपी बँकेवर निर्बंध आले आणि २०२२ साली तिचा परवानाच गेला. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या खातेदारांना पहिल्या दिवशी सांगण्यात आले की, सहा महिन्यांत मिळून एक हजार रुपये काढता येतील. एक हजार! ठेवींवरच्या विम्याची मर्यादा १९९३ सालच्या मे महिन्यात एक लाख झाली आणि ती पाच लाख व्हायला २०२० सालचा फेब्रुवारी उजाडला. जवळजवळ सत्तावीस वर्षे तो आकडा जागचा हलला नाही. पतसंस्थांतल्या ठेवींना तर तेही छत्र नाही. अशा वेळी निवृत्त कामगाराने आपली पुंजी सहा ठिकाणी विभागून रात्री पासबुके मोजली, तर त्याला वेडा कसे म्हणावे?

आणि निवृत्तिवेतन? खाजगी व सार्वजनिक उद्योगांतल्या कामगारांसाठी कर्मचारी निवृत्तिवेतन योजना नोव्हेंबर १९९५ पासून आली. २०१४ साली तिच्यात किमान निवृत्तिवेतन ठरले ते दरमहा एक हजार रुपये. त्याच वर्षी ते मोजण्यासाठी पगाराची मर्यादा पंधरा हजार झाली. त्या मर्यादेवर हिशेब मांडला, तर पस्तीस वर्षांच्या सेवेचे सूत्राने ७,५०० रुपये होतात. जुन्या कामगारांची बहुतेक सेवा त्याहून कमी मर्यादांच्या काळातली. नानांना मिळतात ते तीन हजारांच्या आत. महागाई वाढली म्हणून ही रक्कम आपोआप वाढत नाही. छत्तीस वर्षे भट्टीजवळ घाम गाळलेल्या माणसाला समाज म्हणतो, 'हे तीन हजार घे आणि आता मजेत राहा.' मजेत? नानांनी मुद्दल जपले नाही, तर त्यांना कोण जपणार?

इथे कोणी मला अडवील, 'हेडमास्तर, तुमचे पेन्शन पक्के आहे. उपदेश करायला तुमचे काय जाते?' आक्षेप रास्त आहे. माझी नेमणूक १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची आहे. आमच्या शिक्षक-खोलीत या तारखेने एक अदृश्य भिंत घातली आहे. अलीकडचे आम्ही महागाई भत्त्याची चर्चा करतो, पलीकडचे तरुण शिक्षक कपातीच्या पावत्या चाळतात. मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी राज्यभर संप झाला, तेव्हा घोषणा देण्यात तेच पुढे होते. पण खरी मौज पुढेच आहे: पक्के पेन्शन असलेला मीही हॉटेलात बेरीजच तपासत होतो! म्हणजे सुरक्षितता नसेल तर भीती जात नाही हे खरे, आणि सुरक्षितता आली म्हणून ती आपसूक जाते असेही नाही. शासनाने करायचे ते शासनाने केलेच पाहिजे. वृद्धांचे निवृत्तिवेतन महागाईला बांधले पाहिजे, ठेवी निर्धोक केल्या पाहिजेत. त्यासाठी भांडलेच पाहिजे. पण आपल्या घरात, आपल्या शाळेत करायचे ते काम आपलेच आहे.

कोणी याचा अर्थ 'हप्त्यावर घ्या आणि चैन करा' असा घेऊ नये. सध्या ती शिकवण द्यायला रस्त्यावरचा प्रत्येक फलक तयार आहे. हप्त्याने घेतलेला आनंद म्हणजे पुढच्या महिन्यातली धास्ती आजच विकत घेणे. ऋण काढून सण करणारा आणि दात नसताना ठेवी मोजणारा, दोघेही पैशाचे मालक नव्हेत, चाकरच आहेत.

नाना ज्या भूमीत राहतात, तिथेच याचे दुसरे उदाहरण आहे. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १९०८ साली बडोद्याला बँक स्थापन करवली. प्रजेने साठवावे, असे त्यांना वाटत होते. पण त्याच राजाने १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, आणि १९१० साली अमेरिकेहून बोर्डन नावाचा ग्रंथपाल आणून गावोगाव वाचनालये उभारण्याचे काम हाती घेतले. पैसा साठवायचा कुठे आणि वेचायचा कशावर, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच माणसाने शोधली. तुकोबांनीही धन सचोटीने जोडणे आणि ते निरासक्तपणे वेचणे, या दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या आहेत. आम्ही मास्तरांनी पहिला अर्धा भाग फळ्यावर लिहिला आणि दुसऱ्यावर डस्टर फिरवला.

हे मी सांगतो, कारण डस्टर माझ्याच हातात होते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत आमच्या तापीकाठच्या शाळेची संचयिका माझ्याकडे होती. मुले चार आणे, आठ आणे आणून भरत. एका डिसेंबरात सहावीतला एक मुलगा वीस रुपये काढायला आला. सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरली होती. त्याला घोडे बघायचे होते, पाळण्यात बसायचे होते, धाकट्या बहिणीला बांगड्या घ्यायच्या होत्या. मी विचारले, "यासाठी साठवले होतेस का?" तो बिचारा गोंधळला. यासाठीच तर त्याने साठवले होते! मी त्याला थेंबे-थेंबे ऐकवले. त्याने फॉर्म घडी करून खिशात घातला आणि तो वर्गात निघून गेला. मी खूश झालो. वर्षअखेरीस 'सर्वाधिक बचत' म्हणून त्याला एक कंपासपेटीही दिली.

आज हिशेब मांडतो तेव्हा कळते, त्याचे वीस रुपये शिल्लक राहिले आणि यात्रा गेली. यात्रा पुढच्या वर्षी पुन्हा भरली, पण सहावीतला मुलगा पुन्हा सहावीत आला नाही.

असो. बाजव्याहून निघण्याच्या आदल्या दिवशी मी नानांना म्हणालो, "माझ्या एम.ए.ची फी तुम्ही भरलीत, ती आज फेडतो," आणि हट्टाने त्यांना दातांच्या डॉक्टरांकडे नेले. पैसे देताना त्यांचा हात माझ्या हातावर होता. अडवायला की आधाराला, ते मला कळले नाही. दिवाळीत ते गावी येणार आहेत. वहिनींना कडक बुंदीचे लाडू करायला सांगितले आहेत. आणि मुलीला पत्र लिहिले आहे की, पुन्हा एकदा त्याच हॉटेलात ने, या वेळी बिल तुझ्याच हातात राहील.

शाळा उघडल्यावर फळ्यावर जुना सुविचार लिहीन, पण त्याखाली एक ओळ माझी असेल: तळे साचले की ओंजळ भरून पाणी प्यावे, आणि दुसऱ्यालाही पाजावे. मुलांनी विचारलेच, 'सर, हे पुस्तकात कुठे आहे?' तर सांगीन, 'नाही. म्हणूनच लिहिले.'