दोन आखाडे, एक किताब

खोडदच्या माळावर महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या रात्रंदिवस आकाशाचा वेध घेत असतात; परंतु जुन्नर-आंबेगावच्या गावोगावी जत्रा भरू लागल्या, म्हणजे माणसांच्या नजरा बैलगाड्यांच्या घाटाकडे वळतात. या भागात गाडे एकामागून एक सुटतात. दोन गाडे एकमेकांसमोर कधी येतच नाहीत. तरीही पहिला कोण, हे ठरवता येते. कारण सर्वांना घाट तोच, अंतर तेच आणि सेकंद मोजणारे घड्याळही तेच असते.

कुस्तीचे तसे नाही. दोन मल्लांपैकी श्रेष्ठ कोण, हे ते परस्परांना भिडल्यावाचून कळत नाही. कोणाचा देह किती भरदार, कोणाच्या नावाचा किती गाजावाजा, या साऱ्याला हलगी वाजू लागली की किंमत उरत नाही.

१९६१ साली सुरू झालेल्या ‘महाराष्ट्र केसरी’ स्पर्धेत ही गोष्ट नीट ओळखलेली दिसते. मातीवरची कुस्ती निराळी, गादीवरची निराळी. म्हणून दोन्ही विभागांचे विजेते वेगवेगळे निवडतात. परंतु तेवढ्यावर कोणालाच किताब मिळत नाही. मातीचा विजेता आणि गादीचा विजेता यांची कुस्ती लागते, आणि जिंकणाऱ्याच्या खांद्यावर चांदीची गदा येते. जानेवारी २०२० मध्ये अशा अंतिम कुस्तीत समोरासमोर आलेले हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके हे दोघेही पुण्यात काका पवार यांच्याच तालमीत घडलेले. एका वस्तादाचे शिष्य म्हणून गदा वाटून घेण्याची सोय नव्हती. कुस्ती करावीच लागली. सदगीर जिंकले.

पुढे मात्र संघटनांत फूट पडली आणि एका किताबाच्या दोन स्पर्धा होऊ लागल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये फुलगाव येथे अंतिम कुस्ती हरलेले शिवराज राक्षे त्याच महिन्यात धाराशिव येथे ‘महाराष्ट्र केसरी’ झाले. राक्षे शेजारच्या खेड तालुक्याचे. त्यांच्या पराक्रमाविषयी कोणाला शंका नाही. पण जो किताब एका आखाड्यात हुकतो आणि काही दिवसांनी दुसऱ्या आखाड्यात मिळतो, तो पाहून लहान मुलालाही प्रश्न पडेल की खरा केसरी कोणता? २०२५ मध्येही तेच झाले. अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ आणि कर्जतला वेताळ शेळके, असे दोन मल्ल विजयी ठरले. त्या दोघांत सरस कोण, हे त्या निकालांवरून सांगता येत नाही.

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलने हा घोळ फार वर्षे सोसला. तेथे विजेता मैदानावर ठरण्याऐवजी क्रीडापत्रकारांच्या आणि प्रशिक्षकांच्या मतांनी ठरे. १९९७ च्या हंगामात पत्रकारांनी मिशिगनला पहिला क्रमांक दिला, प्रशिक्षकांनी नेब्रास्काला. दोन्ही संघ अपराजित होते, आणि एकमेकांशी खेळलेच नव्हते! अखेर २०१४ च्या हंगामापासून निवडक चार संघांत बाद फेरीचे सामने सुरू झाले. २०२४ मध्ये संघांची संख्या बारा झाली. कोणते संघ घ्यावेत यावर वाद अजून होतात, पण शेवटी एकच संघ उरतो.

दोन स्पर्धांमुळे अधिक मल्लांना संधी आणि बक्षिसे मिळतात, असे कोणी म्हणेल. ते खरेही आहे. खुराकाचा खर्च भागवताना शेतकरी बाप मेटाकुटीला येतो. त्याच्या मुलाला आणखी एक आखाडा मिळाला तर वाईट काय? आखाडे दोन काय, दहा असावेत. किताब मात्र एक असावा. संघटनांची दिलजमाई होत नसेल, तर निदान दोन्हीकडच्या विजेत्यांची कुस्ती ठरलेल्या दिवशी, दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या पंचांसमोर लावावी, आणि त्यानंतरच गदा द्यावी.

पंचांचा प्रश्नही लहान नाही. अहिल्यानगरला गादी विभागाच्या निर्णायक कुस्तीत पंच म्हणाले खांदे टेकले, मल्ल म्हणाला टेकले नाहीत, आणि रागाच्या भरात पंचांवर लाथ उगारली गेली. तशा वर्तनाला शिक्षा हवीच, आणि ती झालीही. परंतु निकाल जाहीर करण्यापूर्वी चित्रीकरण पुन्हा पाहण्यास दोन-तीन मिनिटे लागतात. मल्लाने त्या एका कुस्तीसाठी पहाटे उठून वर्षानुवर्षे जोर-बैठका काढलेल्या असतात. तेवढी मिनिटे थांबणे प्रेक्षकांना जड जाऊ नये.